मार्कंडेयच्या काठानं, धाकट्याच्या वेगानं

बेळगावच्या टिळकवाडीत लहान पोरांनी सायकल चालवायची तरी कुठं? मोठी सातवीत, धाकटा दुसरीत, आणि दोघांच्या सायकली घरापुढच्या एकाच गल्लीत येरझाऱ्या घालून कंटाळलेल्या. संध्याकाळी पहिल्या रेल्वे गेटापासून तिसऱ्या गेटापर्यंत स्कूटर चालवताना मीच जीव मुठीत धरते, तिथं सात वर्षांचं पोर कसं सोडायचं? व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत सकाळी बरं वाटतं, पण दोन वळसे झाले की धाकटा विचारतो, ‘‘आता पुढं कुठं?’’ पोरांना गोल फिरायचं नसतं. कुठून तरी निघून कुठं तरी पोचायचं असतं.

सासूबाईंचं माहेर आंबेवाडी. नवऱ्याचे मामा तिथंच शेती करतात, आणि घरातली झाडून सगळी त्यांना मामाच म्हणतात, मीसुद्धा. गणपतीला गेलो होतो तेव्हा त्यांच्या कानावर हे गाऱ्हाणं घातलं. मामा म्हणाले, ‘‘गावात कशाला चालवता? नदीच्या कडंनं जावा की. भात कापून झालं की सगळं शिवार मोकळं.’’

मार्कंडेय काही मोठी नदी नाही. पश्चिमेच्या डोंगराकडनं येते, राकसकोपच्या जलाशयात अडते आणि बेळगाव शहर तिचं पाणी पितं. जलाशयाची पातळी 2475 फुटांवर गेली की तो भरला. पावसाळ्यात ‘आज किती फूट’ हा आमच्याकडं रोजचा विषय. मग दरवाजे उघडतात आणि उचगाव, सुळगा, आंबेवाडी, मण्णूर, अलतगा, कंग्राळी इथल्या काठच्या शिवारात पाणी पसरतं. पुढं कडोली, काकती करत ती गोकाककडं जाते, गोडचिनमलकीला कड्यावरून उडी घेते आणि घटप्रभेला मिळते. पोरांनी गोडचिनमलकीचा धबधबा सहलीत पाहिला होता. तीच ही नदी म्हटल्यावर मोठीला खरं वाटेना, कारण आंबेवाडीच्या बाजूला डिसेंबरात ती इतकी संथ असते की पाणी कुठल्या दिशेला चाललंय हे कळायला गवताची काडी टाकून बघावी लागते.

आणि म्हणूनच इथं सायकल सोपी. बेळगाव सुमारे 750 मीटर उंचीवर, आजूबाजूला चढ-उतार भरपूर. हिंडलग्याकडनं शहरात यायचं तरी दम लागतो. पण पुराचं पाणी जिथं पसरतं ती जमीन सपाटच असते. भाताची वाफी पाणी धरून ठेवतात, म्हणजे शेकडो वर्षं माणसांनी ती समपातळीत आणलेली आहे. या पट्ट्यातनं जाणाऱ्या वाटेला चढ असेल तो फार तर मोरीवर चढण्यापुरता. सपाटीची किंमत मात्र पावसाळ्यात मोजावी लागते. जूनपासून पार दिवाळीपर्यंत इथं राडा. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिकण माती अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, उचलूनच न्यावी लागते. तेव्हा तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, कापण्या होऊ देत, मग बघू, असं ठरलं.

कापण्या होईपर्यंत नवऱ्यानं मोबाईलवर नकाशा काढून ठेवला होता. नदीच्या काठानं एक बारीक रेघ सलग दिसत होती. ‘‘झालं की, रस्ता आहे,’’ म्हणून त्यानं मामांपुढं फोन धरला. मामा बशीत चहा ओतत हसले.

‘‘ह्यो रस्ता नव्हं रे, बांध हाय. हिकडं ऊस लावलाय. कुत्रं बी जायचं नाही तिथनं.’’

मग मामा टीव्हीएसवर पुढं आणि मी सायकलवर मागं, अशी वाट शोधायला सुरुवात केली. नवरा आणि पोरं घरीच ठेवली. पोरांना घेऊन वाट शोधता येत नाही, शोधलेली वाटच दाखवावी लागते. आंबेवाडीतनं शेवटच्या घरापर्यंत पक्का रस्ता. पुढं मुरमाची गाडीवाट, ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन चाकोऱ्या पडलेल्या आणि मधोमध गवताचा उंचवटा. ही चाकोरी बघून मला आधी धास्ती वाटली, पण चालवून बघितल्यावर तीच आवडली. दोन चाकोऱ्या म्हणजे दोन पट्टे. एकीत मी, शेजारच्या चाकोरीत पोरगं. बोलत बोलत जाता येतं, आणि ते वाकडंतिकडं गेलं तरी गवतावर जाऊन थांबतं. शहरातल्या कुठल्या रस्त्यावर आई आणि मूल शेजारी-शेजारी सायकल चालवू शकतात?

गाडीवाट नदीला धरून सलग जात नाही. एके ठिकाणी ओढा आडवा येतो, त्यावर सिमेंटच्या नळ्या टाकून मोरी केलेली आहे, कठडा नाही. तिथं उतरून चालायचं, हे मी तिथंच ठरवून टाकलं. पुढचा तुकडा एका शेतकऱ्याच्या खळ्याला लागून जातो. वाट सगळ्यांची असली तरी खळं त्यांचं. मामांनी गाडी थांबवली, तंबाखूची देवाणघेवाण झाली, पाऊसपाणी झालं, मग विषय निघाला. म्हातारबाबांनी माझ्याकडं, माझ्या हेल्मेटकडं आणि सायकलच्या बास्केटकडं निवांत बघून घेतलं.

‘‘जावा की. कोण अडवतंय? खरं भात वाळत घातलेलं असलं तर त्याच्यावरनं नको. आणि कवाड हाय तसं लावून जावा, म्हशी बाहेर येत्यात.’’

दोनच अटी, पण त्या पोरांकडनं पाठ करून घेतल्या. शिवारातली वाट नकाशावर मोफत दिसते. प्रत्यक्षात ती कुणाच्या तरी कामाच्या जागेतनं जाते. तिथं सुटीचे कपडे घालून घंटी वाजवत जाणाऱ्यांनी एवढं तरी पाळायला हवं.

अलतग्याच्या शिवारातनं वळणं घेत वाट कंग्राळी खुर्दच्या बाजूला निघते आणि नदीवरचा पूल दिसतो. एका बाजूनं सहा-एक किलोमीटर. मोठ्या माणसाला हे काहीच नाही. लहान पोराला मात्र थांबे धरून सव्वा तास लागतो, हा हिशेब मी तेव्हाच मनात धरला. घरच्यांना घेऊन जायची वाट किती लांब, हे सगळ्यांत छोट्या चाकावर ठरतं. 20 इंची चाकाला माझ्या 26 इंची चाकाएवढं अंतर कापायला जास्त फेरे लागतात, गिअर नसतो, आणि पाय आखूड. पोर हळू चालवतं असं आपल्याला वाटतं, पण पाय ते आपल्यापेक्षा जास्त मारत असतं.

सुरुवात कुठनं करायची यावर घरात बराच काथ्याकूट झाला. आम्हाला टिळकवाडीतनं कंग्राळी सोयीची, नवऱ्याचं म्हणणं पुलापाशी गाडी लावू आणि आंबेवाडीला जेवून परत येऊ. मामांनी एका वाक्यात निकाल लावला: ‘‘वारं कुठनं येतंय ते बघा की आधी.’’ पावसाळ्यात आमच्याकडं वारा पश्चिमेचा, अंगावर येणारा. थंडीत तो उलटतो, पूर्वेकडनं यायला लागतो. सकाळी नावाला असतो आणि दहा-अकरा वाजता जोर धरतो. कंग्राळीहून निघालं तर जाताना वारा पाठीवर आणि येताना, पोरं दमलेली असताना, नेमका तोंडावर. आंबेवाडीहून निघालं तर सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पूर्वेकडं जायचं आणि येताना त्यानंच ढकलत आणायचं. तेव्हा आंबेवाडी. शिवाय जेवण तिथंच.

सायकली शहापुरातल्या एका जुन्या दुकानात नेल्या. दुकानदार काका सायकल उलटी करून चाक फिरवतात आणि कान लावून ऐकतात. धाकट्याचा ब्रेक कडक होता आणि लिव्हर त्याच्या बोटांना लांब पडत होता. लिव्हरच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर मुठीजवळ येतो. मला हे ठाऊकच नव्हतं, आणि पोर मात्र इतके दिवस बुटानं ब्रेक लावत होतं. सीट काकांनी मुद्दाम एक बोट खाली ठेवली. मोठ्यांची सीट अशी हवी की टाच पायडलवर ठेवल्यावर पाय सरळ व्हावा. मातीच्या वाटेवर नवख्या पोरांचे पाय मात्र जमिनीला टेकायला हवेत, मग भले थोडं कष्टाचं होवो. मोठीची गिअरची सायकल, ती कायम सगळ्यांत जड गिअरवर ठेवते कारण त्यात ‘स्पीड’ असतो. काकांनी तिला हलक्या गिअरवर सायकल फिरवायला लावली आणि नुसते म्हणाले, ‘‘मातीत हा.’’ हवा भरताना टायरच्या कडेचा आकडा दाखवला, 40 ते 65 पीएसआय. ‘‘रस्त्याला 60, शिवारात 40. कडक टायर मातीत उड्या मारतंय.’’

नवऱ्याची सायकल म्हणजे सासऱ्यांची जुनी ॲटलस. सळईचे ब्रेक, मागं भक्कम कॅरिअर, उचलायला दोन माणसं. आम्ही सगळ्यांनी तिची यथेच्छ चेष्टा केली. शिवारात सगळ्यांत गुमान तीच चालली, हे इथंच सांगून टाकते, कारण नवरा अजून सांगत सुटलाय.

पोरांची तालीम व्हॅक्सिन डेपोत. मोरीवर उतरायचं, पुढचा ब्रेक एकटा दाबायचा नाही, माझी घंटी दोनदा वाजली की जिथं असाल तिथं पाय टेकायचा. आणि पाईप ओलांडणं. काठच्या शेतांना नदीतनं मोटारीनं पाणी घेतात, त्याचे पाईप वाटेवर आडवे पडलेले असतात, वर मातीचा ढिगारा घातलेला. त्यावरनं जाताना पायडल दोन्ही समान उंचीवर आणायचे, बूड सीटवरनं उचलायचं, हँडल सरळ. झाडाच्या मुळांवर धाकट्यानं हे इतक्यांदा केलं की चालायला आलेल्या एका आजोबांनी त्याला ‘‘घोड्यावर बसलायस काय रे?’’ म्हणून विचारलं.

कार्तिकी पौर्णिमा होऊन गेल्यावरचा एक रविवार. ‘छोटा हत्ती’ टेम्पोत सायकली घातल्या, मध्ये जुनी वाकळ कोंबली म्हणजे रंग घासायला नको, आणि उजाडता उजाडता निघालो. हिंडलग्याला हुतात्मा स्मारकापाशी मोठीनं विचारलं म्हणून नवऱ्यानं तिला 1986 सालच्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचं थोडं सांगितलं. ती वर्गात कन्नडही शिकते आणि तिच्या दोन जिवलग मैत्रिणी घरी कन्नड बोलतात, त्यामुळं तिचे प्रश्न सोपे नव्हते. उत्तरं अर्धवट राहिली तोवर आंबेवाडी आलं.

धुकं इतकं की चाकोरीच्या पुढचं दिसेना. मामांनी शेकोटी पेटवलेली, वैनींनी चहा आणि गरम भाकरी समोर ठेवली. सूर्य वर येईपर्यंत थांबलो. धुक्यात पोरांना न्यायचं नाही, ट्रॅक्टरवाल्याला दिसत नाही. धुकं उठलं तसं कापलेल्या भाताचे खुंट, त्यांवर दहिवर, मधूनमधून गवतगंज्या आणि लांबवर उसाची हिरवी भिंत, असं एकेक पुढं आलं.

क्रम ठरलेला: पुढं मोठी, मग धाकटा आणि मी शेजारच्या चाकोरीत, शेवटी ॲटलस. मामा सासूबाईंना मागं बसवून आणि हँडलला डब्याची पिशवी अडकवून टीव्हीएसवर पक्क्या रस्त्यानं पुढच्या थांब्यावर जाणार. थांबे तीन: मोरी, म्हातारबाबांचं पंपघर, पूल. तिन्ही ठिकाणांहून परत फिरता येतं किंवा पोराला गाडीवर घालता येतं. पोरांना पूर्ण अंतर सांगितलंच नाही. ‘‘मोरीपर्यंत जायचंय’’ एवढंच. मोरी आल्यावर ‘‘पंपघर जवळच आहे.’’

माळाच्या अंगाला एका शेतात बायका भाजी काढत होत्या. आमची वरात बघून एकीनं कंबर सरळ केली.

‘‘कुठं चाललासा गा सगळी मिळून?’’

‘‘असंच, फिरायला,’’ मी म्हटलं.

‘‘शिवारात? फिरायला?’’ त्या सगळ्या हसायला लागल्या. ‘‘आमी रोज फिरतोय की! या, हितं फिरा, कोथिंबीर बांधा थोडी.’’

धाकटा खरंच सायकल टाकून गेला. जुडी कशी बांधायची ते एका मावशीनं दाखवलं: मुळं एका रेषेत, केळीच्या सोपटाचा पट्टा दोनदा गुंडाळून टोक आत खोचायचं. त्याची जुडी सुटली, परत बांधली. तीच जुडी पुढं त्याच्या हँडलला बांधून आली आणि दुपारी आमटीत पडली. या थांब्यात चांगली पंधरा-वीस मिनिटं गेली. सहलीचं वेळापत्रक म्हणून मी जे काही मनात आखलं होतं ते तिथंच सोडलं. वेळ ठरवायची ती फक्त निघायची आणि ऊन चढायच्या आत परत यायची.

खळ्याजवळ कुत्रं आलं. दोन्ही पोरांनी वेग वाढवायला बघितलं, मी घंटी दोनदा वाजवली. पळणाऱ्या चाकामागं कुत्रं धावतंच. उतरलो, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरली, त्याच्याकडं न बघता चालत राहिलो. खळ्याची हद्द संपली तसं ते परत फिरलं. त्याचं काम तेवढंच होतं. कवाड मोठीनं लावलं, कडी बसली का ते दोनदा ओढून बघितलं.

उसाचा ट्रॅक्टर भेटणार हे माहीतच होतं. नोव्हेंबरपासून कारखान्यांचा हंगाम, आणि शिवारातल्या वाटा तेव्हा उसाच्या असतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, वर ऊस माणसाच्या दुप्पट उंचीचा. असा ट्रॅक्टर पटकन थांबू शकत नाही, त्यामुळं थांबायचं ते आपणच. आणि सगळ्यांनी एकाच बाजूला. चौघं दोन बाजूंना विखुरलो की समोरून येणाऱ्याला कुठं बघायचं ते कळत नाही. वळणावर असाल तर बाहेरच्या बाजूला उभं राहायचं, कारण ट्रॅक्टर वळून जातो पण मागची ट्रॉली वळणाच्या आतल्या अंगाला सरकत येते. आम्ही कापलेल्या वाफ्यात सायकली उतरवून उभे राहिलो. ड्रायव्हर पोरगेलासा, पूर्वेकडच्या तालुक्यातला असावा. वेग कमी करून त्यानं पोरांकडं बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाला, ‘‘सावकाश होगरी!’’ म्हणजे सावकाश जा. मोठीनं ‘‘हूं री, अण्णा!’’ म्हणून उत्तर दिलं. त्यानं ट्रॉलीतनं निसटू बघणारा एक ऊस ओढून आमच्याकडं टाकला. तो ॲटलसच्या कॅरिअरवर आडवा बांधला, मग रुंदी वाढली म्हणून उभा बांधला.

पंपघराच्या मागं नदी अगदी वाटेला चिकटते. सासूबाई आधीच काठावर चटई टाकून बसलेल्या. समोर सपाट दगडांची ओळ होती. ‘‘इथंच आम्ही धुणं आणायचो,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पोहायला मात्र भाऊच. आम्हाला आई सोडायची नाही.’’ समोरच्या बांबूवर सुगरणीची रिकामी घरटी लोंबत होती, खाली तारेवर खंड्या. पाण्याच्या कडेला जलपर्णीचा हिरवा पट्टा. पोरांना पाण्यात उतरू दिलं नाही. वरनं संथ दिसली तरी काठाला गाळ असतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि मोटारींसाठी केलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. डबे काठावर, पाणी बघायला, एवढंच.

तिथंच धाकट्याचं मागचं चाक बसलेलं दिसलं. बाभळीचा काटा. त्याचा चेहरा पडला, नवऱ्याचा मात्र फुलला. त्याला हेच हवं होतं. चाक न काढता टायरची एक बाजू पट्ट्यांनी उघडून ट्यूब बाहेर ओढली, पंपानं थोडी हवा भरली आणि डब्याच्या झाकणात नदीचं पाणी आणून त्यात ट्यूब थोडी थोडी करत बुडवली. बुडबुडे निघाल्यावर धाकट्यानं बोट ठेवलं. ‘‘सापडलं!’’ पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरनं घासलं, सोल्युशन लावलं आणि थांबलो. हे थांबणं कुणाला जमत नाही. सोल्युशन ओलं असताना पॅच लावला की तो सरकतो; बोटाला चिकटेनासं झालं की मगच लावायचा. तोवर ऊस सोलून झाला. टायर परत बसवण्याआधी नवऱ्यानं आतनं बोट फिरवलं तर काटा तिथंच, टोक आत काढून बसलेला. तो न काढता टायर चढवला असता तर पुढच्या बांधाला परत हेच. तो काटा धाकट्यानं कंपासपेटीत ठेवलाय.

कंग्राळीचा पूल आला तेव्हा पोरं थोडी खट्टू झाली. पूल म्हणजे काहीतरी भव्य असेल अशी त्यांची कल्पना. गाड्यांची ये-जा, हॉर्न, आणि खाली काठाशी गणपती विसर्जनातल्या मूर्तींच्या लाकडी पाटांचे आणि सुतळीचे अवशेष, सुकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. घरचा गणपती इथं सोडला नसला तरी बघायला बरं वाटलं नाही. आम्ही पुलावर गेलोच नाही. वाट रस्त्याला लागते त्याच्या अलीकडंच थांबलो. वाहनांच्या रस्त्यावर शंभर पावलंसुद्धा न जाता ही सगळी फेरी पुरी होते, हेच तिचं मोठं सुख.

परत फिरलो तेव्हा वारा उठला होता. पाठीवर. धाकटा पायडल न मारता चाकोरीतनं जात होता आणि ‘‘आई, हात सोडू?’’ विचारत होता. नाही म्हणावं लागलं. पण मोठी पुढं हलक्या गिअरवर पाय गरागरा फिरवत चाललेली, आणि काकांचं ते ‘‘मातीत हा’’ तिला पटलेलं दिसलं. जाताना लागलेल्या वेळेच्या अर्ध्यात आंबेवाडी. उन्हं तापायच्या आत.

त्यानंतर ओळखीतली दोन-तीन घरं आमच्याबरोबर येऊन गेली. एका मैत्रिणीनं मागं बाळाची सीट लावून तीन वर्षांची पोरगी आणली. चाकोरीत मागचं वजन हलतं म्हणून तिला मुरमाच्या तुकड्यापुरतंच जमलं, ती मोरीवरनं परत गेली आणि तरी खूश होती. एकजण पातळ टायरची भारी सायकल घेऊन आले, त्यांना ही वाट आवडली नाही. बरोबरच आहे, त्यांच्यासाठी ती नाहीच. फेब्रुवारीच्या पुढं सावली कमी पडते, काठाचं पाणी डबक्यांवर येतं, आणि मे महिन्यात वळीव झाला की दुसऱ्या दिवशी जायचं नाही. तेवढं सोडलं तर हिवाळाभर ही वाट पोरांची.

धाकट्यानं आता मामांना सांगून टाकलंय की पुढच्या वेळी उलट्या दिशेला, उचगावला जायचं आणि मळेकरणी देवीच्या आमराईत जेवायचं. मध्ये वेंगुर्ला रस्ता आडवा येतो, शिनोळीकडं जाणारे ट्रक भरधाव असतात. उतरून, हात धरून, चालत ओलांडायचा या अटीवर मी हो म्हटलंय. मामा म्हणतात, आधी ऊस संपू दे. तोवर त्या बाजूची वाट ते टीव्हीएसवरनं बघून ठेवणार आहेत, आणि कवाडं कुठं कुठं आहेत तेही विचारून ठेवणार आहेत.